तिसऱ्या-शिनाण्यांवर प्रक्रिया: विळीपासून यंत्रापर्यंत

शंभर किलो तिसऱ्या उकडून सोलल्या की हाती मांस येतं दहा ते पंधरा किलो. हंगाम, आकार आणि खाडी यांनुसार थोडं इकडेतिकडे. बाकी सगळं शिंपल्या, चिखल आणि पाणी. एवढं ओझं दिवसभर उचलायचं, धुवायचं, निवडायचं आणि शेवटी फेकायचं, यातच बायकांची कंबर जाते. म्हणून ‘सोलायचं मशीन कुठे मिळेल?’ हा प्रश्न मला थोडा चुकीचा वाटतो. तिसरी उघडण्याचं काम वाफ फुकट करते. यंत्र लागतं ते शिंपल्या हलवायला, धुवायला आणि मांसापासून वेगळ्या काढायला.

हा लेख रोज साधारण दोनशे किलो माल हाताळणाऱ्या बचत गटासाठी किंवा छोट्या उद्योजकासाठी आहे. माल म्हणजे तिसऱ्या (कुठे शिवल्या, कुठे मुळे म्हणतात) आणि शिनाणे (इंग्रजीत मसल). कालवं यात धरलेली नाहीत, कारण त्यांचा आकार इतका वेडावाकडा असतो की ती सुरीनेच उघडावी लागतात. अमेरिकेत लुइझियानात १९९९ पासून कालवं प्रचंड दाबाखाली, हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दोन ते तीन हजार पटींच्या आसपास, ठेवून उघडली जातात. दाबाने शिंपल्या मिटून धरणारा स्नायू सुटतो. तंत्र सुंदर आहे, पण त्या यंत्राच्या किमतीत आपल्याकडे अख्खा कारखाना उभा राहील.

आधी ठरवा, विकणार काय

कोकणातल्या घरगुती गिऱ्हाईकाला तिसऱ्या एका शिंपलीसकट हव्या असतात. विळीवर कच्च्या उघडायच्या, मांस असलेली शिंपली ठेवायची, दुसरी टाकायची. हा माल यंत्रावर करायचा विचार सोडून द्या. तिथे फार तर धुणं आणि वाळू काढणं यंत्राला द्यावं आणि विळी माणसाच्याच हाती ठेवावी. घरी वापरतात ती युक्ती इथेही चालते: थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवलेल्या तिसऱ्या विळीवर पटकन उघडतात.

हॉटेलं, तयार मसाले किंवा लोणची करणारे आणि निर्यातदार यांना मात्र नुसतं उकडलेलं मांस चालतं. पुढच्या पायऱ्या मुख्यतः त्यासाठी आहेत. दोन्ही करायचं असेल तर मालाची वाट धुण्यानंतर फुटेल, हे जागा आखतानाच लक्षात घ्या.

पायरी १: आठवडाभर फक्त मोजा

एकही यंत्र मागवण्याआधी एक वही, एक वजनकाटा आणि मोबाइलमधलं घड्याळ घ्या. किती किलो माल आला, धुवायला किती माणसं किती वेळ, उकडायला किती, सोलायला किती, शेवटी मांस किती, फुटलेला आणि मेलेला माल किती, हे रोज लिहा. आठवड्याने कळेल की वेळ कुठे जातो. बहुतेक ठिकाणी सोलणं आणि वेचणं पहिल्या क्रमांकावर असतं, पण पाण्याची टंचाई असेल तर धुणंही पुढे येतं. यंत्र तिथेच लावायचं जिथे माल तुंबतो. उकडण्याचा वेग दुप्पट केला आणि सोलणाऱ्या त्याच चार बायका राहिल्या, तर फक्त गरम तिसऱ्यांचा ढीग वाढतो, आणि तो ढीग धोकादायक असतो.

खर्चाचा हिशोबही इथेच करा. यंत्राची किंमत भागिले रोजची बचत, म्हणजे किती दिवसांत पैसे फिटतील. मात्र वर्षाचे ३६५ दिवस धरू नका. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं, माल मिळत नाही, यंत्र बंद राहतं. ऑक्टोबर ते मे यातलेही भरतीओहोटीच्या हिशोबाने जमतील तेवढेच दिवस धरा.

पायरी २: जागा आणि वीज

माल एका दारातून चिखलासकट आत यावा आणि दुसऱ्या दारातून बंद पिशवीत बाहेर पडावा. मध्ये कुठेही कच्चा माल उकडलेल्याच्या शेजारून जाऊ नये. या दोघांमध्ये भिंत आणि त्या भिंतीत उकडण्याचं यंत्र, म्हणजे इकडून भरायचं आणि तिकडून काढायचं, ही रचना सगळ्यात चांगली. जमिनीला उतार हवा, पण स्वच्छ बाजूकडून घाण बाजूकडे.

खारं पाणी लोखंड खातं हे कोकणात कुणाला सांगायला नको, तरी फॅब्रिकेटर (धातूचे सांगाडे आणि यंत्रं बनवणारा) पैसे वाचवायला जस्ताचा मुलामा दिलेला सांगाडा सुचवतोच. नको म्हणा. खाऱ्या पाण्याला लागणारे भाग ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे, बाकीचे ३०४ चे. दोन्ही दिसायला सारखेच असतात, म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्या. जोड अखंड वेल्डिंगचे असावेत. अधूनमधून टाके मारलेल्या वेल्डिंगच्या फटीत मांसाचे कण बसतात आणि तिसऱ्या दिवशी वास सुटतो.

मोटरी आयपी ६५ दर्जाच्या (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाणाऱ्या), कंट्रोल पॅनल कोरड्या भिंतीवर छातीच्या उंचीला, बटणांची सर्किटं २४ व्होल्ट डीसीवर, आणि प्रत्येक लाइनवर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच. ओली जमीन, खारट पाणी आणि अनवाणी पाय एकत्र आले की विजेचा किरकोळ दोषही जिवावर बेततो. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

पायरी ३: चाळणी खाडीतच

लहान तिसऱ्या आणून, धुऊन, मग फेकून देण्यात काही अर्थ नाही. होडीतच ठरावीक फटीची चाळणी ठेवा आणि त्यातून पडतील त्या तिथल्या तिथे पाण्यात सोडा. मोटर नाही, वीज नाही, तरी अख्ख्या साखळीतलं हे सर्वात फायद्याचं यंत्र आहे. केरळात अष्टमुडी कायलातल्या (समुद्राला जोडलेल्या सरोवरातल्या) तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये एमएससी हे शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं. देशातलं ते पहिलं. त्यामागे जाळ्याच्या आसाचा (भोकांच्या आकाराचा) नियम आणि डिसेंबर ते फेब्रुवारीची बंदी होती. यांत्रिकीकरणाने खाडीतून माल उपसण्याचा वेग वाढतो, म्हणून चाळणी पहिल्या दिवसापासून हवी.

पायरी ४: धुण्याचं पिंप

भोकं असलेलं, किंचित तिरकं, स्वतःभोवती फिरणारं पिंप आणि आत पाण्याच्या फवाऱ्यांची नळी. यातली खरी गोम वेगात आहे. फार जोरात फिरलं तर तिसऱ्या पिंपाला चिकटून वर जातात आणि आपटून फुटतात. माल पिंपाला चिकटून फिरू लागेल असा वेग काढायचं सूत्र सोपं आहे: ४२.३ भागिले पिंपाच्या व्यासाचं (मीटरमधलं) वर्गमूळ. ०.६ मीटर व्यासाला तो मिनिटाला सुमारे ५५ फेरे येतो. जिवंत तिसऱ्यांसाठी याच्या पाव ते तिसरा हिस्सा ठेवायचा, म्हणजे १४ ते १८ फेरे.

बाजारात सहज मिळणारी १४४० फेऱ्यांची मोटर, १:६० चा गिअरबॉक्स, म्हणजे २४ फेरे. मग १६ आणि २४ दात्यांच्या चेन-स्प्रॉकेटने १६ फेरे. दीड-दोन मीटर लांबीच्या पिंपाला एक अश्वशक्ती पुरते. वेग बदलता यावा म्हणून व्हीएफडी लावली तर उत्तम, कारण शिनाण्यांची शिंपली तिसरीपेक्षा पातळ असते आणि त्यांना आणखी सावकाश फिरवावं लागतं. भोकं दहा-बारा मिलिमीटरची, उतार तीन ते पाच अंश, आतल्या पट्ट्यांना रबर. पिंपातून सांडणारं पाणी जाळीतून आणि निवळणीच्या टाकीतून पुन्हा पहिल्या फवाऱ्याला वापरता येतं. शेवटचा फवारा मात्र स्वच्छ पाण्याचाच.

पिंपाच्या तोंडाशी हळू चालणारा पट्टा आणि पट्ट्याशी एक अनुभवी बाई. उघड्या तोंडाच्या, टकटक केल्यावरही न मिटणाऱ्या तिसऱ्या आणि नुसत्या चिखलाने भरलेल्या मेलेल्या शिंपल्या तिने काढायच्या. आवाजावरून चिखलाची शिंपली ओळखणाऱ्या मावश्या प्रत्येक खाडीवर आहेत. त्यांचं काम करणारा सेन्सर मला अजून परवडणाऱ्या किमतीत दिसलेला नाही. हे काम यंत्राला देऊ नका, उलट त्या जागेचा पगार वाढवा.

पायरी ५: वाळू आणि जंतू काढणं

तिसऱ्या आणि शिनाणे पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्यांच्या पोटात साठतं. स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवलं की तेच गाळणं उलट कामाला येतं आणि पोट रिकामं होतं. वाळूपुरतं बारा ते चोवीस तासांत काम होतं. जंतूंसाठी अधिक वेळ लागतो, ब्रिटनमध्ये त्यासाठी ४२ तासांची रीत आहे.

टाकीत एक किलो मालाला निदान सहा-सात लिटर पाणी हवं, आपल्या उष्ण हवेत मी दहा धरायला सांगेन. पाणी पंपाने फिरतं ठेवायचं, तासाला एकदा तरी, शक्य तर दोनदा सगळं पाणी अतिनील दिव्याच्या नळीतून जावं. गढूळ पाण्यात हा दिवा निरुपयोगी असतो, म्हणून आधी वाळूचा फिल्टर. दिवा जळताना दिसला तरी आठ-नऊ हजार तासांनंतर त्याची ताकद उतरलेली असते. त्यामुळे पॅनलमध्ये तास मोजणारा मीटर बसवा आणि वेळेवर बदला. पाण्याचा खारटपणा माल काढला त्या जागेइतकाच ठेवा, फरक पाचव्या हिश्श्याच्या आत. त्यापेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्या तोंड मिटून बसतात आणि तुमचे बारा तास वाया जातात. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला पाच मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका.

टोपल्या टाकीच्या तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवायच्या, म्हणजे घाण खाली बसेल. त्याच कारणाने हवेचे बुडबुडे टोपल्यांखाली सोडायचे नाहीत. पाणी वरून पातळ धारेने पडू द्या, हवा आपोआप मिसळते. आणि काम संपल्यावर आधी पाणी सोडायचं, मग टोपल्या उचलायच्या. हा क्रम उलटा झाला तर तळाची घाण ढवळते आणि तिसऱ्या ती पुन्हा पोटात घेतात.

स्वयंचलनाचे पैसे सर्वप्रथम इथे घाला, कारण ही पायरी रात्रभर चालते आणि रात्री कुणी जागं नसतं. पाण्याची पातळी, तापमान, ऑक्सिजन आणि पंप चालू आहे की नाही, एवढ्या चार गोष्टींवर नजर ठेवणारं आणि बिघाड झाल्यास मोबाइलवर फोन लावणारं छोटं कंट्रोलर पुरतं. वीज गेली तर हवेचा छोटा पंप इन्व्हर्टरवर आपोआप सुरू व्हावा. कोकणातल्या विजेचा अनुभव असलेल्याला याचं कारण सांगायला नको.

एक गोष्ट पक्की समजून घ्या. ही टाकी जिवाणू कमी करते, पण जड धातू आणि शैवालाचं विष काढत नाही, आणि विषाणूंवर तिचा भरवसा धरता येत नाही. शैवालाचं विष तर उकडूनही जात नाही. केरळात विळिंजमला १९९७ मध्ये शिनाणे खाऊन विषबाधा झाली होती ती अशाच विषाने. पाण्याचा रंग अचानक लाल-तपकिरी झाला तर काढणी थांबवा आणि माल प्रयोगशाळेत तपासून घ्या. युरोपात जिवंत विक्रीच्या मालाला १०० ग्रॅम मांसात २३० ई. कोलाय जिवाणू ही मर्यादा आहे. आपली खाडी त्याच्या किती जवळ-दूर आहे हे कळायला हंगामाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी नमुने पाठवा.

पायरी ६: उकडणं

ठरलेलं लक्ष्य असं: मांसाच्या गाभ्याचं तापमान ९० अंश सेल्सिअसला पोचून तिथे निदान ९० सेकंद राहिलं पाहिजे. युरोपीय नियमांतली ही अट आहे आणि देशी बाजारासाठीही तीच पाळावी.

बंद झाकणाची स्टीलची पेटी, आत भोकांच्या थाळ्या आणि खालून वाफ. थाळीत थर दहा सेंटिमीटरपेक्षा जाड नको. पन्नास किलोच्या एका घाण्याला हिशोबाने तीनेक किलो वाफ लागते, गळती आणि पेटी तापणं धरून पाच किलोची तयारी ठेवा. बॉयलर घेण्याआधी तो बॉयलर कायद्याच्या कक्षेत येतो का आणि कुणाची परवानगी लागेल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. विजेची छोटी वाफयंत्रं महाग चालतात, पण कटकट कमी.

वेळ ठरवण्याची रीत: बारीक सुईचा तापमापक पेटीतल्या सगळ्यात थंड जागी, बहुधा मधल्या थाळीच्या मध्यावर, एका तिसरीच्या मांसात खुपसा आणि ९० अंश व्हायला किती वेळ लागतो ते पाहा. वेगवेगळ्या आकाराच्या मालावर हे पुन्हा पुन्हा करा आणि सगळ्यात जास्त लागलेला वेळ धरून त्यात वरचे ९० सेकंद मिळवा. मग पीआयडी कंट्रोलर (तापमान ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवणारा) आणि टायमर असे जोडा, की झाकण लागल्यावर नव्हे तर पेटीतलं तापमान ९८ अंशांवर गेल्यावरच टायमर सुरू होईल. मध्येच वाफ कमी पडून तापमान खाली आलं तर टायमर थांबावा. एवढी एक जोडणी नीट केली की कच्चा घाणा बाहेर पडत नाही. उलट बाजूने, जास्त उकडलं की मांस आक्रसतं, रबरासारखं होतं आणि वजन घटतं. म्हणजे टायमर तुमच्या खिशाचीही राखण करतो.

पेटीखाली जमणारं पाणी फेकू नका. गाळून लगेच थंड केलं तर तो उत्तम रस्सा आहे, हॉटेलवाले घेतात.

पायरी ७: मांस वेगळं करणं

माणसांचे सर्वाधिक तास इथे वाचतात. उकडलेल्या तिसऱ्या हलणाऱ्या चाळणीवर टाकल्या की उघडलेल्या शिंपल्यांतून मांस सुटून खाली पडतं, शिंपल्या वरून पुढे जातात. मोटरीच्या दांड्यावर विषमकेंद्री वजन, चार स्प्रिंगा आणि पंचवीस मिलिमीटरच्या आसपास भोकांची स्टीलची जाळी, एवढंच हे यंत्र. कुठल्याही चांगल्या फॅब्रिकेटरला जमतं. काजू किंवा खडीची चाळणी बनवणाऱ्याकडे गेलात तर अर्धं काम त्याला आधीच माहीत असेल. जाळीची भोकं मात्र आपल्या खाडीतल्या शिंपलीचा आकार व्हर्नियरने मोजून ठरवा.

खाली पडलेल्या मांसात शिंपलीचे तुकडे आणि वाळू राहतेच. ती काढायला मिठाचं पाणी वापरतात. १०० लिटर पाण्यात २० किलो मीठ घातलं की हायड्रोमीटर (पाण्याची घनता मोजणारी नळी) साधारण १.१२ दाखवतो. या पाण्यात मांस तरंगतं, तुकडे आणि वाळू तळाला जातात. वरचं मांस झाऱ्याने किंवा पट्ट्याने काढून लगेच गोड्या थंड पाण्यात बुडवायचं, नाहीतर खारट होतं. अर्धा-एक मिनिटापेक्षा जास्त वेळ मिठात नको. हे पाणी थंड ठेवा आणि रोज बदला, कारण त्यात मांसाचे कण साचतात. हवा अडकलेला एखादा पोकळ तुकडा तरीही तरंगतो. म्हणून यानंतर पांढऱ्या पट्ट्यावर चांगल्या उजेडात दोन जणींनी नजर टाकायची.

शिनाण्यांना दोऱ्यांची दाढी असते. ती ओढून काढायला एकमेकांविरुद्ध फिरणाऱ्या रबरी रुळांची जोडी वापरतात. मांस रुळांमध्ये जाण्याइतकं पातळ नसतं, दोरे जातात आणि ओढले जातात. कोळंबी सोलण्याचं यंत्रही रुळांचंच. लुइझियानातल्या जे. एम. लापेयर नावाच्या पोराने रबरी बूट कोळंबीवर पडल्यावर तिचं मांस सालातून सटकन बाहेर आलेलं पाहिलं आणि १९४० च्या दशकात त्यातून ते यंत्र घडवलं.

रुळांवर आणि चेनवर जाळीचं झाकण हवंच, आणि झाकण उघडलं की मोटर बंद पडेल असा स्विच. साडीचा पदर, ओढणी, बांगड्या यांचा विचार करून लाल दोरीचा आपत्कालीन थांबा पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी बांधा.

पायरी ८: थंड करणं आणि गोठवणं

आधी पिण्याच्या थंड पाण्याची धार, मग बर्फाच्या पाण्यात. एक किलो मांसाला निदान एक किलो बर्फ लागतो. ५ अंशांच्या खाली आल्यावर निथळून, तोलून, पिशवीत. गोठवताना गाभा उणे १८ अंशांपर्यंत जायला हवा. घरगुती डीप फ्रीझरमध्ये तो इतका सावकाश गोठतो की बर्फाचे मोठे स्फटिक मांस फाडतात आणि वितळताना पाणी सुटतं. ब्लास्ट फ्रीझर हे या साखळीतलं सर्वात महाग यंत्र. पहिल्या हंगामात जवळच्या मत्स्य प्रक्रिया कारखान्यात भाड्याने गोठवून घेता आलं तर तसंच करा. तापमान आपोआप नोंदवणारा लॉगर मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा.

पायरी ९: शिंपल्यांचं काय

रोज ओल्या शिंपल्यांचा मोठा ढीग साठतो आणि दोन दिवसांत गाव तक्रार करतं. त्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त कॅल्शियम कार्बोनेट असतं. कोकणात शिंपल्यांचा चुना भाजण्याची जुनी परंपरा आहेच. धुऊन, वाळवून, भरडून कोंबडीखाद्यातही घालतात. चाळणीच्या टोकापासून थेट बाहेरच्या ट्रॉलीपर्यंत पट्टा लावला की पाट्या वाहणं संपतं. धुण्याचं मळकट पाणी न निवळता खाडीत सोडू नका, माल त्याच खाडीतून आणायचा आहे.

पैसे आणि सल्ला

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य अशी रचना ठेवलेली आहे. चालू मुदत आणि घटक जिल्हा मत्स्य कार्यालयात विचारा. राज्याचा कांदळवन कक्ष गटांना कालवं-शिंपले पालनासाठी मदत करत आला आहे. यंत्रांच्या आराखड्यांसाठी कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था आणि प्रशिक्षणासाठी रत्नागिरीचं शिरगावचं मत्स्य महाविद्यालय. कासरगोडच्या पडन्ना भागात महिला गट शिनाणे पालन करतात. एकदा जाऊन बघण्यासारखं आहे.

रोजची आणि हंगामाची निगा

संध्याकाळी आधी गोड्या पाण्याने मीठ आणि कण काढा, मग साबण, मग १०० ते २०० पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात तेवढे भाग) क्लोरीन, आणि शेवटी पुन्हा गोडं पाणी. क्लोरीन तसंच राहिलं तर ३१६ स्टीललाही खड्डे पडतात. साखळ्यांना खाद्यदर्जाचंच ग्रीस लावा. पावसाळ्याआधी पट्टे उतरवा, बेअरिंग उघडून ग्रीस भरा, पॅनलमध्ये ओल शोषणाऱ्या पिशव्या ठेवा. गटातल्या एकीला तरी बेअरिंग बदलणं आणि रिले तपासणं शिकवा, तालुक्याहून मिस्त्री येईपर्यंत टाकीतला माल थांबत नाही. आणि कपाटात कायम ठेवा: एक जादा पंप, पिंपाच्या बेअरिंगची जोडी, चेनचे जोड, एक अतिनील दिवा, दोन फ्लोट स्विच आणि एक तापमानाची सुई.